पऱ्हाटीतली बाई

दिवाळी आटोपली की यवतमाळच्या रस्त्यांवर कापूस येतो. भरलेल्या गाड्या बाजाराकडे निघून जातात आणि मागे बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, दुभाजकावरच्या कण्हेरीला पांढरे पुंजके लटकत राहतात. माझ्या पार्लरच्या पायरीवरही सकाळी एखाददुसरा असतोच. कापूस मऊ असतो असं म्हणणाऱ्यांनी तो बहुधा गादीतच पाहिलेला असतो. वेचणारीच्या हाताला आधी बोंडाची सुकलेली, टोकदार नखं लागतात. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात आणि संध्याकाळी ठेचा वाटताना त्या एकेक करून जाग्या होतात.

या हंगामाला माझ्यासाठी एक वास आहे. दवाने भिजलेल्या पानांचा, फवारणीच्या औषधाचा मागे उरलेला उग्र दर्प, आणि त्यात मिसळलेला टाल्कम पावडरचा वास. शेतात पावडरचा वास आणखी कुणाला येत असेल असं वाटत नाही. मला येतो.

यंदा तो वास माझ्या मुलीच्या फोनमधून आला. सई कॉलेजात आहे. मी एका बाईच्या भुवया करत होते, तेवढ्यात ती धावतच आत आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आई, ही तूच ना?" पडद्यावर थरथरणारी लाल अक्षरं होती. रंगभूषा, कुमारी नलिनी. पुढे माझं माहेरचं आडनाव, तेही चुकीचं छापलेलं.

"पऱ्हाटीतली बाई" नावाचा तो सिनेमा. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी राळेगाव तालुक्यातल्या माझ्या गावात, आमच्याच शेतात तो बनला, सीडीवर विकला गेला आणि विस्मरणात गेला, असं मी धरून चालले होते. आता म्हणे कुणीतरी तो इंटरनेटवर टाकलाय आणि पोरं वेड्यासारखी पाहताहेत. भीतीसाठी नाही, हसण्यासाठी. त्यातली रात्र भर उन्हातली आहे. आमच्याकडे दिवे नव्हते, म्हणून दुपारी शूटिंग करून नंतर सगळं निळं केलं होतं. त्या निळ्या रात्रीत हडळीची काळीभोर सावली तिच्या पायाशी पडते. पोरांनी खाली लिहिलंय, "हडळीला ऊन लागून राह्यलं, कोणी छत्री द्या रे."

"आम्ही हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत," सई म्हणाली. "आणि ती हडळ झालेली बाई आहे ना, तिला बोलवायचंय. सत्कार करायचाय तिचा. पोस्टरवर टाकू, खरी हडळ मंचावर. आई, तुला माहीत असेल ना ती कुठे असते?"

समोरच्या बाईची एकच भुवई झाली होती. मी दोरा दातात धरला आणि दुसरी करायला घेतली. याच हातांनी मी त्या हडळीचा चेहरा रंगवला होता.

तिचं नाव जमना.

आमच्या गावापासून ओढा ओलांडून गेलं की तांडा लागायचा. बंजाऱ्यांचा. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. आता त्यांची स्वतःची कोरडवाहू शेतं होती. ती आटोपली की तांड्यातल्या बाया आमच्याकडे वेचणीला यायच्या. जमना त्यांच्यात असायची. तिशीच्या आतबाहेरची, उंच, आरसे लावलेल्या कांचळीतली, म्हणजे चोळीतली. ती चालायला लागली की पऱ्हाटीच्या ओळींवर उजेडाचे ठिपके पळायचे.

बंडूभाऊ लग्नांची शूटिंग करायचा. तालुक्याला त्याचं फोटोचं दुकान होतं. त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. मालक एका वेचणारीला विहिरीत ढकलतो, ती हडळ होऊन कपाशीत उभी राहते, गावातली लेकरं मरायला लागतात, शेवटी गाव मिळून तिला जाळतं. एवढीच गोष्ट. हडळीचं काम करायला शहरातून एक मुलगी आणली होती. तिने दवात भिजलेली पऱ्हाटी आणि पानांखालच्या अळ्या पाहिल्या आणि दुपारच्या बसने परत गेली. बंडूभाऊ कॅमेरा मांडीवर घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला. पलीकडच्या ओळीतून वेचता वेचता जमना उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"पापणी नाई पाडून राह्यली वो हे बाई!" बंडूभाऊ ओरडला.

जमना म्हणाली, "आमच्यात शिकवतेत. माही आजी सांगे, बैलाच्या मांगं चालतांना धुळीत डोळे मिटले त बैल हरवते."

मी तेव्हा नुकताच पार्लरचा कोर्स केला होता. गावात करायला कुणाच्या भुवया नव्हत्या, म्हणून मी बंडूभाऊच्या सिनेमाची रंगभूषाकार झाले. जमनाला पांढरी साडी दिली तेव्हा ती हातात धरून उभीच राहिली. "मालक जिता असतांना पांढरं कायले नेसू?" तिचा नवरा थावरू बैलगाडीत कापूस दाबत होता. तिथूनच म्हणाला, "नेस वो. मी काई साडीनं मरत नाई." सगळे हसले. तिने साडी नेसली, पण आत, कमरेला, आपल्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, लाल नाडी बांधून ठेवली.

दुसऱ्याचा चेहरा हातात घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. इतके चेहरे हातातून गेले. पण पहिला चेहरा तिचा. निंबाखाली बाजेवर ती बसायची, मान वर करून, आणि मी पावडरचे थर चढवायची. डोळ्यांखाली काजळ ओढायची, ओठांच्या कोपऱ्यांतून खोबरेलात कालवलेलं कुंकू ओघळवायची. तिच्या हनुवटीवर, गालांवर बारीक हिरवी गोंदणं होती. ती पावडरखाली झाकता झाकत नसत. "राहू दे नं," ती म्हणायची, "मेल्यावर एवढंच त सोबत जाते म्हंतेत. हडळीले बी असतीनच." मी राहू दिली. आजही सिनेमात नीट पाहिलं तर हडळीच्या हनुवटीवर टिपके दिसतात. पोरांना ते कॅमेऱ्यावरचे डाग वाटतात.

दादाराव आमचा शेजारी. त्याचा धुरा आमच्या धुऱ्याला लागून. त्याचा नातू गुड्डू तेव्हा झोळीत होता. झाडाला बांधलेल्या झोळीतल्या बाळाकडे हडळ वाकून पाहते आणि बाळ घाबरून रडतं, असा प्रसंग होता. मी जमनाचा चेहरा जेवढा भेसूर करता येईल तेवढा केला. ती झोळीवर वाकली. गुड्डू हसला. दोन्ही हात वर करून तिचे मोकळे केस धरू लागला. बंडूभाऊने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तो हसला. त्याची आजी, सुभद्राकाकू, पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार. "जमने, तूच पाळ बाई याले आता," ती म्हणाली. शेवटी बंडूभाऊने नाद सोडला. दुसऱ्या कुठल्या तरी लेकराचं रडणं नंतर त्यावर चिकटवलं.

शेवटच्या प्रसंगासाठी अख्खा गाव हवा होता. गाव आला. बायामाणसं कापूस वेचायचं सोडून आली. सुकलेल्या पऱ्हाट्यांच्या मशाली केल्या होत्या. मध्ये जमना, भोवती गाव, डोक्यावर सूर्य. बंडूभाऊ घसा फोडून सांगत होता, "राग आणा, राग! तिनं तुमचे लेकरं खाल्ले!" कुणाला राग येईना. दादाराव सगळ्यांत पुढे, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि हसू दाबता दाबता त्याचे खांदे हलत होते. "अवो जमने, पय नं वो, काहून उभी राह्यली!" तो म्हणाला आणि सगळा जमावच फुटला. जमनाही हसत हसत मातीत बसली. पुन्हा पुन्हा करूनही तेच. बंडूभाऊने शेवटी जे मिळालं ते घेतलं. मग निंबाखाली सगळ्यांनी भाकरी आणि आलूवांग्याची भाजी खाल्ली, हडळीसकट.

हाच प्रसंग आता पोरांचा सगळ्यांत आवडता आहे. हसत हसत जाळायला निघालेला गाव. दादारावचा दात काढून हसणारा चेहरा पोरं एकमेकांना पाठवतात. सईच्या फोनमध्येही आहे. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तिने तो मैत्रिणीला पाठवला होता. मला तेव्हा माहीत नव्हतं.

सीडी महाशिवरात्रीच्या जत्रेत विकायला निघाली. खपेना. मग बंडूभाऊने नवं कव्हर छापलं. त्यावर जमनाचे डोळे, आणि खाली ठळक अक्षरांत, "या चित्रपटात खऱ्या हडळीने काम केले आहे." बाजाराच्या दिवशी एक माणूस भोंगा लावून बसायचा. "या, या, खरी हडळ पाहा! आपल्याच तालुक्यातली खरी हडळ!" सीडी खपली. गावोगाव टीव्ही लावून लोकांनी पाहिली. आमच्या गावातही चावडीत पाहिली. आपापले चेहरे ओळखून लोक ओरडले. जमना त्या दिवसांत माहेरी, बाळंत बहिणीपाशी गेलेली होती.

उन्हाळाभर गंमत चालली. पोरं तिला पाहून "आली आली" म्हणत पळायची. ती मागे धावायची, हात पसरून, खोटंखोटं. मला आता ते आठवलं की तिला हाक मारून थांबवावंसं वाटतं.

भादव्यात तापाची साथ आली. घराघरांत माणसं पडली. गुड्डूला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून यवतमाळला. तो गेला. चालायला लागला होता, आमच्या अंगणात यायचा. दादारावने त्याला दुपट्ट्यात गुंडाळून परत आणलं. मी त्या घरातलं रडणं ऐकलेलं आहे, म्हणून पुढे जे झालं त्यातल्या कुणालाही राक्षस म्हणणं मला सोपं जात नाही. राक्षस असते तर बरं झालं असतं.

आधी कुणी काही म्हणालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "सिनेमात झोळीत थोच होता नं?" मग कुणीतरी म्हणालं, "थे पाहे, आन् लेकरू रडे." मी म्हटलं, तो रडला नव्हता, तो हसला होता, तुम्ही सगळे तिथेच होता. पण लोकांनी शेतातलं विसरून टीव्हीवरचं लक्षात ठेवलं होतं. टीव्हीवर तो रडत होता. आणि कव्हरवर तर छापलेलंच होतं.

तांड्यातल्या बाया वेचणीला आल्या तेव्हा जमनाच्या शेजारची ओळ कुणी घेईना. तिने वेचलेल्या कापसाचं गाठोडं वेगळं ठेवायला लागले. म्हाताऱ्या बायांनी लेकरांना काजळाचे टिक्के लावले. तांड्याचा नायक दोनदा गावात येऊन बसला, म्हातारा माणूस, हात जोडून म्हणाला, "रंगोलं होतं तिले, बापा. पोटासाठी काम केलं तिनं." लोकांनी चहा पाजला आणि ऐकून घेतलं.

मग मी एक दिवस माझी डबी घेऊन मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसले. उन्हं चढलेली होती. समोर बाया धुणं वाळत घालत होत्या. मी आरसा गुडघ्यांत धरला आणि सगळ्यांना बोलावून माझाच चेहरा रंगवायला घेतला. ही पावडर. हे काजळ. हे कुंकू, हे खोबरेल. बाया जमल्या. मी अर्धा चेहरा हडळीचा केला आणि अर्धा तसाच ठेवला. "पाहा," मी म्हटलं, "मीच आहे ना? एवढंच केलं होतं तिलाही." कुणीतरी हसलंसुद्धा. मला वाटलं, जमलं.

सुभद्राकाकू मागे उभी होती. नातू गेल्यापासून ती केस विंचरत नव्हती. ती पुढे आली, माझ्या रंगवलेल्या गालावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. अगदी हळू, रागाने नाही, जणू माझीच कीव आल्यासारखं म्हणाली, "म्हंजे तुह्या बी आंगात शिरली थे."

बाया पांगल्या. बाबांनी मला घरात घेतलं आणि बाहेर निघू दिलं नाही. त्या वर्षी ठरत आलेलं माझं स्थळही मोडलं. पण ते लहानसं दुःख आहे, इथे नुसतं आलं.

कपाशीची पहिली वेचणी चालू होती आणि तुरीला पिवळी फुलं आली होती. जमना ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर आली. तांड्यात चक्की नव्हती, दुसरं जाणार कुठे? चक्कीशी एक बाई लेकरू घेऊन उभी होती, ते लेकरू रडायला लागलं. एवढंच निमित्त. चक्कीच्या घरघरीवरून आवाज चढला तेव्हा आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. आम्ही पोचेपर्यंत माणसांचं कडं झालेलं होतं. सिनेमातलं होतं तसंच. तीच माणसं. बंडूभाऊ नव्हता आणि राग आणा म्हणून कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"डोळे बंद करा तिचे," कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज होता. तंबाखूबरोबर खायचा चुना प्रत्येकाच्या खिशात असतो. कुणाच्या डबीतला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. एवढंच खरं, की तिने त्याही वेळी पापण्या मिटल्या नाहीत.

माझी आई चार माणसांत कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती त्या गर्दीत कोपरं मारत शिरली. जमनाला दंडाला धरून तिने ओढत हापशीपाशी आणलं आणि मला ओरडली, "हाप नलू, हाप!" मी हापसत राहिले. आई तिचं डोकं धारेखाली धरून बोटांनी डोळे उघडत होती, धूत होती, पुन्हा उघडत होती. लोक उभेच होते. कुणी पुढे आलं नाही, कुणी गेलंही नाही. दादाराव दुपट्टा तोंडात कोंबून भिंतीला टेकला होता. पाण्याच्या धारेखालून जमना काहीतरी म्हणत होती. आई वाकली. जमना विचारत होती, "माह्या डब्यातलं पीठ सांडलं का वो?"

पोलीस आले. मी ज्यांना ज्यांना कड्यात पाहिलं होतं त्यांची नावं सांगितली. बाकी कुणी काही पाहिलेलं नव्हतं. चुना टाकताना तर मीही कुणाला पाहिलं नव्हतं. प्रकरण रेंगाळलं. जमनाचा एक डोळा गेला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा थावरूने गाडी जुंपली. दूर, उमरखेडकडे, मराठवाड्याच्या कडेला त्याच्या मामाचा तांडा होता. ओढ्यापलीकडून गाडी जाताना आई आणि मी धुऱ्यावर उभ्या होतो. जमनाच्या डोळ्यांवर पट्टी होती. आमच्या बाजूला तोंड करून तिने हात वर केला. आम्ही कुठे उभ्या आहोत ते थावरूने तिला सांगितलं असणार.

एखादा हंगाम माणसाच्या आयुष्यात येऊन जातो की राहून जातो, हे ठरवणारे आपण नसतो. त्यानंतर मी लग्न होऊन यवतमाळला आले, पार्लर टाकलं, सई झाली, आई गेली. दरवर्षी कापूस येतो. माणसं भाव विचारतात, पाऊस कसा झाला विचारतात. गावात आता त्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. दादाराव बोलायचा. मरायच्या आधी कधीतरी तो माझ्या भावाला म्हणाला होता, "आपण सिनेमात किती हासलो होतो नं रे."

सईला मी हे सगळं सांगितलं. पार्लरचं शटर अर्धं ओढून. ती खुर्चीत बसून होती, समोरच्या आरशात मला पाहत. मधेच तिने विचारलं, "आणि तो बंडूभाऊ?"

बंडूभाऊकडे आम्ही दोघी गेलो. त्याचं दुकान अजून आहे. केस पांढरे झालेत, पण गेले काही महिने खुशीत आहे. पोरं येतात, मुलाखती घेतात. "लोकांनी उचलून धरलं वो नलू, एवढ्या वर्सांनी!" तो म्हणाला. मी जमनाचं नाव काढलं. तो काचेच्या टेबलावरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हती. "मी त फक्त कव्हरवर थे ओळ टाकली. खपाव म्हून. अशी ओळ कोणीबी टाकते." मग फडकं बाजूला ठेवून म्हणाला, "मी गेलतो तांड्यावर, झाल्यावर. थावरूनं दार नाई उघडलं. बरंच झालं. काय बोललो असतो?" तिचा ठावठिकाणा त्याला माहीत नव्हता. माहीत करून घ्यायचाही नव्हता.

ठावठिकाणा मिळाला तो एसटीतल्या ओळखीने, विचारत विचारत. मागच्या आठवड्यात आम्ही मायलेकी उमरखेडच्या बसमध्ये बसलो. दोन्हीकडे पांढरी शेतं. मध्येच सोयाबीन निघालेली काळी रिकामी रानं. सई खिडकीतून पाहत होती आणि फोन तिने पिशवीत ठेवला होता.

तांड्याच्या टोकाला पत्र्याचं घर. जमना अंगणात शेंगा फोडत बसली होती. उंची वाकलीय. कांचळीवरचे आरसे बरेच निखळलेत. एक डोळा दुधासारखा. दुसऱ्याने ती माझ्याकडे पाहत राहिली, पापणी न पाडता, पण ओळखलं नाही. मी नाव सांगितलं. तिने माझे हात हातात घेतले, बोटं चाचपली.

"नलू बाई," ती म्हणाली. "माय कशी हाय तुही?"

"आई गेली, जमनाताई. झाली बरीच वर्षं."

तिने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तिचे नखं वाढले होते त्या दिवशी. डोळे धुतांना लागले होते मले. चांगले लागले होते."

चहा झाला. थावरू बकऱ्या घेऊन गेला होता. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, त्यांची लहान मुलगी आजीपाशी ठेवलेली. ती दाराआडून आम्हाला पाहत होती. सगळं मीच सांगितलं. की सिनेमा पुन्हा निघालाय. पोरं पाहतात. तुमचा सत्कार करायचा म्हणतात.

"कायचा सत्कार?"

"काम केलं त्याचा."

जमना हसली. दात थोडेच राहिलेत. "नाई वो बाई. तिथं लोकं टाळ्या वाजोतीन. आन् मंग कोणाचं तरी लेकरू पडन बिमार." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. सईने मान खाली घातली. "नाही बोलवणार आम्ही," ती पुटपुटली. "ते पोस्टरही नाही करणार."

"पण मले दाखव," जमना म्हणाली.

मला कळलं नाही. "काय?"

"थो सिनेमा. म्या कोठं पाह्यला?"

एवढ्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चावडीत दाखवला तेव्हा ती गावात नव्हती. नंतर कोण दाखवणार होतं? ज्यापायी सगळं गेलं, तो सिनेमा तिने पाहिलेलाच नव्हता.

बाहेर लखलखीत ऊन होतं, फोनवर काही दिसेना. जमनाने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि आम्हा दोघींना तिच्याखाली घेतलं. त्या तांबड्या अंधारात सईने सिनेमा लावला. लाल अक्षरं आली. मग शेत आलं.

"बोंडं पाय," जमना म्हणाली. "केवढी धरली होती त्या साली."

थावरू गाडीवर दिसला, जवान, मिशांना पीळ दिलेला. ती तोंडातल्या तोंडात काही म्हणाली, ते आमच्यासाठी नव्हतं. मग झोळी आली. झोळीतला गुड्डू. ती एकदम पुढे झुकली. तिचं बोट पडद्याला लागलं आणि चित्र थांबलं. सईने पुन्हा चालू केलं. रडण्याचा आवाज आला.

"थो त रडला नोता," जमना म्हणाली.

"नाही. दुसऱ्या लेकराचा आवाज लावला होता."

"असं." तिने ओढणी आणखी पुढे ओढली. "त्याचं हासणं ठेवाचं होतं."

नात कधी आत शिरली आम्हाला कळलं नाही. तिचं डोकं ओढणीखाली माझ्या कोपराशी होतं. पडद्यावर निळी रात्र झाली होती. पऱ्हाटी हलली. मीच लावलेली पावडर, मीच ओढलेलं काजळ, ओठांतून ओघळलेलं कुंकू. ओळींमधून हडळ उभी राहिली आणि सरळ आमच्याकडे पाहायला लागली. डोळे मिटेचनात. दोन्ही डोळे.

नात किंचाळली. मला ओलांडून ती जमनाच्या मांडीवर चढली आणि तिच्या गळ्यात हात घालून तिने तोंड तिच्या मानेत खुपसलं. सई फोन बंद करायला गेली, तिला बटण सापडेना. जमनाने एका हाताने पोरीला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन पालथा केला.

पोरीने मानेतूनच, तोंड न काढता, त्यांच्या बोलीत विचारलं. कोण आहे ती?

जमना तिला थोपटत राहिली. ओढणीतून ऊन झिरपत होतं आणि आरशांचे ठिपके पोरीच्या पाठीवर हलत होते. मग ती म्हणाली, आधी त्यांच्या बोलीत, आणि आम्हालाही कळावं म्हणून पुन्हा मराठीत.

"कोणी नाई वो माय. रोजानं आलेली बाई हाय. काम झालं की घरी जाते."